तांब्यातल्या आठ चिठ्ठ्या

गंगाधर कर्णिक मास्तरांनी उभ्या आयुष्यात लबाडी केली ती एकदाच, आणि तीही नेमकी गणितात चुकली.

लबाडी करायला माणसाकडे एक तर धाडस हवं, नाहीतर अक्कल तरी हवी. मास्तरांकडे अक्कल होती, निदान गिरगावातल्या इंटरच्या मुलांचा तसा समज होता. ठाकुरद्वाराजवळच्या एका क्लासात ते संध्याकाळी गणित शिकवत. संभाव्यतेचा धडा आला की मुलं बाकं ओढून पुढे सरकत, कारण त्या दिवशी मास्तरांच्या खिशातून लाल-पांढऱ्या गोट्यांची पिशवी निघे. "शून्य म्हणजे अशक्य, एक म्हणजे निश्चित," मास्तर म्हणत, "आणि आपण सगळे या दोहोंच्या मध्ये कुठेतरी भाड्यानं राहतो." मग पिशवीतून गोटी काढायची, रंग बघायचा, गोटी परत आत टाकायची, पिशवी हलवायची आणि पुन्हा काढायची. बावीस वर्षं मास्तरांनी न चुकता गोटी परत टाकली होती. पुढे जे झालं त्याचं मूळ या सवयीत आहे, म्हणून हे आधीच सांगून ठेवलं.

छप्पन सालचा जानेवारी होता. मुंबई महाराष्ट्राला मिळणार नाही, दिल्लीच्या हाती राहणार, असं रेडिओनं एका संध्याकाळी सांगितलं, आणि दुसऱ्या दिवसापासून गिरगावच्या रस्त्यांवर माणसं कमी नि दगड जास्त दिसू लागले. मग गोळीबार आला, मग कर्फ्यू. सकाळी सात ते आठ असा तासभर कर्फ्यू उठे, पण कर्फ्यू उठला म्हणजे बंदुकाही खाली ठेवल्या असं काही नव्हतं. मास्तरांनी ते स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं. पहिल्याच दिवशी ते चाळीच्या दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीत उभे असताना खालून हातात डबा घेतलेला एक माणूस घाईघाईनं चालला होता. घोषणा नाही, दगड नाही, नुसता डबा. कोपऱ्यावर पोचता पोचता तो खाली बसला, तो उठलाच नाही. डब्यातली भाजी रस्त्यावर सांडली. मेथीची असावी.

त्यात दुधाचा प्रश्न उभा राहिला. कोपऱ्यावरचं दूधकेंद्र दगडफेकीत मोडलं होतं, आणि उघडं होतं ते मोठा रस्ता ओलांडून पलीकडे. दुसऱ्या मजल्यावर नऊ बिऱ्हाडं. टोकाच्या खोलीत सुंदराबाई, मालवणकडची एकटी विधवा म्हातारी. तिला सोडलं तर आठ. तान्ही आणि लहान मिळून सात पोरं, शिवाय मास्तरांची बायको मीनाक्षी, तिला सातवा महिना. दूध तर हवंच. पण चार माणसं एकत्र दिसली की पोलिसांच्या लेखी जमाव होतो, म्हणून आठही बिऱ्हाडांची दुधाची कार्डं आणि रिकाम्या बाटल्या एकाच पिशवीत घालून एकानंच जायचं, असं ठरलं. कुणी, एवढंच ठरायचं होतं.

"मी जाईन की रोज," लवू म्हणाला. लवू शिवडीच्या गोदामात हमाली करायचा, अंगापिंडानं भक्कम.

"तू एकटाच काय म्हणून? मी पण हाय ना," बंडू म्हणाला. बंडू राणे छापखान्यात खिळे जुळवायचा. सव्वीस वर्षांचा, बिनलग्नाचा, सदऱ्यावर संयुक्त महाराष्ट्राचा बिल्ला, आणि तोंडाला क्षणाची उसंत नाही. त्याला तर दूधही नको होतं. तो काळा चहा पिणारा.

बाकीचे गॅलरीतल्या फरशा मोजू लागले. तेव्हा मास्तर पुढे झाले आणि वर्गात बोलावं तसं बोलले. रोज एकच माणूस गेला तर त्याच्यावर अन्याय, आणि घरात बसणाऱ्यांना जन्माची लाज. चिठ्ठ्या टाकाव्यात. आठ बिऱ्हाडं, आठ चिठ्ठ्या, रोज सकाळी एक काढायची. "प्रत्येकाला एक अष्टमांश," मास्तर म्हणाले. "कुणाला कमी नाही, कुणाला जास्त नाही." सगळ्यांना ते पटलं. सुंदराबाई म्हणाली, चिठ्ठ्या तिच्या पूजेच्या तांब्यात घालायच्या, तांब्या तिच्या दाराजवळच्या कोनाड्यात दत्ताच्या तसबिरीपुढे ठेवायचा, आणि काढणार ती. अक्षर चांगलं म्हणून लिहिण्याचं काम मास्तरांकडे आलं.

मास्तर घरात गेले, जुन्या कॅलेंडरची दोन पानं फाडून त्याचे आठ तुकडे केले, आणि पाठकोऱ्या बाजूवर एकेक नाव लिहू लागले. आडनाव, नाव, वडिलांचं नाव, जसं वर्गाच्या हजेरीत लिहायची सवय होती तसं. सात नावं झाली. आठवं त्यांचं स्वतःचं. टाक दौतीत बुडवून त्यांनी कागदावर टेकवला आणि त्यांना ती मेथी दिसली.

भीती ही भीतीच असते, तिला दुसरं गोंडस नाव देऊन उपयोग नाही. मास्तरांनी मात्र दिलं. मीनाक्षी दोन जिवांची आहे, ते स्वतःला म्हणाले. तुकडा कोरा ठेवून चालणार नव्हतं, कोरा निघाला तर बोभाटा; आणि कमी करूनही चालणार नव्हतं, कारण सुंदराबाईला वाचता येत नसलं तरी ती मोजून घेणार. म्हणून त्यांनी आठव्या तुकड्यावर दुसऱ्यांदा लिहिलं, राणे बंडू सखाराम. एकटा जीव. तसाही रोज जायला तयारच आहे. चिठ्ठी निघाली की वाचून परत तांब्यात जाणार. मग बंडूचं नाव चारपाच दिवसांत दोनदा आलं तर लोक म्हणतील त्याचं नशीब, आणि कर्णिकांचं एकदाही नाही आलं तर म्हणतील त्यांचं नशीब. आठ दिवस परत टाकत टाकत चिठ्ठ्या काढल्या, तरी एखादं नाव एकदाही न येण्यात विशेष काही नाही. तीनांत एकदा तसं होतंच. कुणालाही, कधीही, काहीही सिद्ध करता येणार नव्हतं. मास्तरांनी शाई टिपली, घड्या घातल्या, आणि त्या रात्री त्यांना दोन दिवसांत पहिल्यांदा गाढ झोप लागली.

सकाळी पावणेसातला सगळे गॅलरीत जमले. सुंदराबाईनं चिठ्ठ्या तांब्यात टाकल्या, एकेक, मोठ्यानं मोजून. "येक, दोन, तीन, चार..." आठ भरल्या. मग डोळे मिटून तिनं दोन बोटं आत घातली आणि निघालेली चिठ्ठी अच्युतराव विजयकरांच्या हाती दिली. अच्युतराव हायकोर्टातून निवृत्त झालेले जुने कारकून, दम्याचे रोगी. पण कागद वाचायचा म्हटला की चष्मा लावून छाती काढून उभे राहत.

"परब लवू भिकाजी!" अच्युतराव म्हणाले. "हजर?"

"हजर," लवू हसून म्हणाला आणि पिशवी उचलून गेलादेखील. पाऊण तासात तो सगळ्या बाटल्या घेऊन परत आला. मास्तरांनी अच्युतरावांच्या हातातली चिठ्ठी घेतली आणि सवयीनं तांब्याकडे हात नेला.

"अरे अरे, मास्तरांनू!" सुंदराबाई ओरडली. "काय करतास? एकदा देवान नाव दिल्यान, ता परत तांब्यात घालूचा नाय." तिनं चिठ्ठी काढून घेतली, तुळशीच्या कुंडीत बोटानं खड्डा केला, चिठ्ठी पुरली आणि वर पळीभर पाणी घातलं.

"मग उद्या?" मास्तरांनी विचारलं.

"उद्या उरलेल्यांतला एक येतला. तेतू विचारूचा काय?"

खरंच विचारण्यासारखं काही नव्हतं. पाळी म्हणजे पाळी, गेलेल्यानं पुन्हा कशाला जायचं? मजल्यावरच्या प्रत्येकाला, अगदी बायकांनाही, हे पहिल्यापासून ठाऊक होतं. गोटी परत पिशवीत टाकायची असते हे फक्त मास्तरांना ठाऊक होतं.

ते खोलीत येऊन पलंगावर बसले. बंडूच्या दोन चिठ्ठ्या आत होत्या. एक आली तर काही नाही. पण दुसरी आली की अच्युतराव ती त्याच खणखणीत आवाजात वाचणार, मग उरलेल्या उघडून बघणार, आणि कुणाचं नाव नाही ते कळायला गणिताचा मास्तर लागणार नव्हता. अक्षर कुणाचं हे तर सगळ्या मजल्यासमोर ठरलेलं. आधीच्या हिशोबात पकडलं जाण्याची संभाव्यता शून्य होती. आता आठव्या दिवशी ती एक होणार होती. मधले दिवस तेवढे हातात होते.

दुसऱ्या दिवशी अच्युतरावांनी पुकारलं, "राणे बंडू सखाराम!"

"हजर, मायबाप!" बंडू सलाम ठोकून म्हणाला. बायका हसल्या. मास्तरांना हसता येईना. आत अजून एक आहे, एवढंच त्यांच्या डोक्यात होतं. बंडू परतला तो मात्र गप्प होता. रस्त्यात काय पाहिलं ते त्यानं सांगितलं नाही, नुसती पिशवी ठेवली आणि खोलीत जाऊन बसला.

त्या दुपारी मास्तरांनी पाटी घेतली. सहा चिठ्ठ्या उरल्या होत्या, त्यांतली एक घातकी. ती उद्या न निघण्याची शक्यता पाच षष्ठांश. परवा पाच उरतील, तेव्हा चार पंचमांश. तेरवा तीन चतुर्थांश. तिन्ही दिवस सुटायचं तर तिन्ही गोष्टी एकापाठोपाठ एक घडायला हव्यात, म्हणून गुणाकार. पाचाला पाच गेला, चाराला चार गेला. राहिले तीन षष्ठांश, म्हणजे निम्मे. कर्फ्यू अजून तीन दिवस चालला तर अब्रू राहील की जाईल, हे पैसा वर उडवून बघण्यासारखं झालं होतं. मुलांपुढे फळ्यावर हे असं सुटत गेलेलं गणित त्यांना फार आवडायचं. आज त्यांनी पाटी ओल्या फडक्यानं दोनदा पुसली.

"अहो, क्लास बंद आहे तरी गणितं कसली?" मीनाक्षीनं विचारलं. ती भिंतीला टेकून तांदूळ निवडत होती.

"सहज."

"दोन दिवस झाले, तुमचं नाव आलं नाही. मी दत्ताला नारळ बोलले आहे." तिनं पोटावरून हात फिरवला. "तोच राखतो बघा आपल्याला."

मास्तर उठून गॅलरीत गेले. तिथे राहवेना म्हणून परत आत आले. चिठ्ठी बदलता आली असती. कोनाडा काही कुलपात नव्हता. देवापुढच्या तांब्याला कुणी हात लावणार नाही, एवढंच त्याला कुलूप. पण बंडूची दुसरी चिठ्ठी काढायची म्हणजे तिच्या जागी स्वतःचं नाव घालायचं, आणि तेच तर टाळण्यासाठी हा सगळा खटाटोप. तिसऱ्या दिवशी दुपारी ते मनाचा हिय्या करून कोनाड्यापर्यंत गेलेसुद्धा. सुंदराबाई दारातच कुळीथ पाखडत बसली होती. "काय होया, मास्तरांनू?" "काही नाही, नमस्कार करायला आलो." नमस्कार करून परत फिरताना त्यांना जे वाटलं ते दुःख नव्हतं. सुटल्यासारखं वाटलं, आणि त्याचीच त्यांना शरम वाटली.

त्या सकाळी मनमोहन दलालांचं नाव निघालं होतं. ते बँकेत नोकरीला, कुणाच्या अध्यातमध्यात नसत. निमूट गेले, निमूट आले. मास्तरांनी आणखी एक गोष्ट पाहिली होती. सुंदराबाईची बोटं तांब्यात असताना बंडूचा चेहरा कागदासारखा पांढरा पडला होता, आणि मनमोहनांचं नाव ऐकल्यावर त्यानं सोडलेला श्वास पार इकडेपर्यंत ऐकू आला. याची पाळी तर होऊन गेली, मग हा का घाबरतो? रस्त्यात बघितलेलं मनातून जात नसेल, मास्तरांनी ठरवलं. बंडू आताशा त्यांच्याशी बोलतही नव्हता. पण सगळेच कमी बोलत होते.

चौथ्या दिवशी अच्युतरावांनी चिठ्ठी उघडली, चष्मा नीट केला आणि नेहमीच्याच आवाजात वाचलं, "विजयकर अच्युत मोरोबा." क्षणभर थांबून ते म्हणाले, "हजर."

"काका, मी जातो तुमच्याऐवजी," बंडू एकदम पुढे झाला. त्याचा आवाज चिरकला होता.

"मुळीच नाही. नाव माझं निघालंय," अच्युतराव म्हणाले आणि पिशवी खांद्याला लावून एकेक पायरी उतरत गेले.

आठाला पाच मिनिटं कमी असताना ते परतले. धाप लागली होती, पिशवीतून दूध ठिबकत होतं, आणि उजवा हात डाव्या हातानं धरला होता. रांग पांगवताना लाठी बसली, चार बाटल्या फुटल्या. खालच्या मजल्यावरच्या कंपाउंडरनं हात बघितला, म्हणाला मोडलाय, फळ्या बांधून गळ्यात अडकवला. अच्युतराव कण्हले नाहीत. त्या दिवशी पोरांना पाणी घातलेलं दूध मिळालं. चार उरल्या होत्या. एक चतुर्थांश.

पाचव्या सकाळी सुंदराबाईनं चिठ्ठी काढली आणि स्वतःच उलगडून अच्युतरावांच्या डाव्या हातात दिली. मास्तर कठड्याला पाठ लावून उभे होते. राणे, असं आता हे म्हणतील. रा म्हणायला त्यांचे ओठ उघडतील. मास्तर ओठांकडेच बघत राहिले.

"कर्णिक," अच्युतराव म्हणाले. मग कपाळाला आठ्या घालून त्यांनी पुढे वाचलं, "मास्तर."

मीनाक्षीच्या तोंडून बारीकसा आवाज निघाला.

"स्वतःला मास्तर लिहिलंत होय हो?" मनमोहन म्हणाले, आणि तीन दिवसांत पहिल्यांदा गॅलरीत थोडं हसू फुटलं.

मास्तरांना ते ऐकू आलं ते फार लांबून. जी चिठ्ठी तांब्यात नव्हतीच, ती तांब्यातून निघाली होती. बावीस वर्षं त्यांनी मुलांना शिकवलं होतं की शून्य म्हणजे अशक्य, आणि ते शून्य अच्युतरावांच्या डाव्या हातात होतं. "बघू," म्हणत त्यांनी चिठ्ठी घेतली. कागद कॅलेंडरचा नव्हता. पांढरा, गुळगुळीत, छापखान्यातल्या कात्रणासारखा. अक्षर तिरकं, घाईतलं. त्यांनी मान वर केली. बंडू त्यांच्याकडेच बघत होता, आणि त्याचे डोळे भरले होते.

बोलायला कुणी अडवलं नव्हतं. हे माझं अक्षर नाही, एवढं म्हटलं असतं तरी चिठ्ठी रद्द झाली असती. पण मग पुढचं सगळंच बोलावं लागलं असतं. मास्तरांनी चिठ्ठी खिशात घातली.

"हजर," ते म्हणाले.

मीनाक्षीनं बाटल्यांच्या मध्ये फडकी घालून पिशवी भरली. जिन्याशी बंडू उभा होता. "भिंतीच्या कडेनं जा," तो पुटपुटला. "कोपऱ्यावर धावू नका. धावलं की मारतात."

रस्ता एवढा रुंद मास्तरांनी कधी पाहिला नव्हता. फडकी घालूनही बाटल्या वाजत होत्या. डबा घेतलेला तो माणूस बसला होता ती जागा आली. तिथे काहीच नव्हतं, कुणीतरी धुऊन टाकलं होतं. इथून सुखरूप पलीकडे जाण्याची संभाव्यता किती? काढता येईना. किती माणसं गेली नि किती परतली, कुणी मोजली होती? पलीकडच्या फुटपाथवर पोलिसांची लॉरी उभी होती. "ए! थैली में क्या है?" आवाज आला. मास्तर थांबले. "दूध... दूध की बाटली. छोटा बच्चा लोग है," ते म्हणाले, आणि आपला आवाज आपलाच आहे यावर त्यांचा विश्वास बसेना. शिपायानं पिशवीत डोकावून पाहिलं. त्यालाही जेमतेम मिसरूड होतं. "जाव, जल्दी जाव."

परतताना त्यांनी एकदाच वर पाहिलं. गॅलरी रिकामी होती, कुणी तिथे उभं राहायचं नाही असंच ठरलेलं. ते चाळीच्या दारात शिरले तर बंडू जिन्याच्या शेवटच्या पायरीवर बसला होता. गेली पन्नास मिनिटं तो तिथून हलला नसावा. मास्तरांना बघून त्यानं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. मास्तर पिशवी खाली ठेवून त्याच्या शेजारी बसले.

"कधी घातलीस?" त्यांनी विचारलं.

"मी आलो ना दूध घेऊन, त्याच दुपारी." बंडू समोरच्या भिंतीकडे बघत बोलत होता. "रस्त्यात एकाला पाडताना बघितलं, मास्तर. म्हटलं, अच्युतकाका दम्याचा माणूस, त्यांना नाही जमायचं. त्यांची चिठ्ठी काढून माझ्या नावाची घालायची, असा विचार केला. म्हातारी नळावर गेली तेव्हा एकेक उघडून बघितली. बघतो तर माझं नाव आधीच आत, आणि तुमचं कुठेच नाही."

मास्तर पिशवीतली फडकी सारखी करू लागले.

"मी स्वतः घालणारच होतो ना? मग राग यायचं काय कारण? पण आला. असला आला, मास्तर! म्हटलं, यांना वाटलं असेल याच्यामागे रडायला कोण आहे. आई आहे माझी गावाला. तिला कुणी मोजलं?" त्यानं नाक पुसलं. "त्या रागात माझी ती चिठ्ठी काढून तुमचं नाव घातलं आणि काकांची चिठ्ठी तशीच राहिली. काढायचीच विसरलो. परत जायचा धीर झाला नाही. आता त्यांचा तो हात..."

वर कुणाचं तरी पोर रडत होतं. भुकेचं रडणं.

"तुम्ही माझं नाव दोनदा लिहिलंत," बंडू म्हणाला, "त्या रात्री तुम्हाला झोप लागली?"

खोटं बोलता आलं असतं. त्या जिन्यात दोघांशिवाय कुणी नव्हतं.

"लागली," मास्तर म्हणाले. "गाढ लागली."

बंडूनं मान हलवली. "मला नाही लागली. तुमचं घातल्यापासून एक रात्र नाही. रोज सकाळी वाटायचं, आज निघेल, आणि हे गेले आणि परत नाही आले तर? वहिनींचं हे असं. ते मी केलेलं असणार." तो उठला, पिशवी उचलली आणि बाटल्या मोजू लागला.

दोघे वर आले तेव्हा सगळी बिऱ्हाडं दारात उभी होती. मीनाक्षी चौकटीला धरून उभी होती, तिच्या चेहऱ्यावर रंग परत येत होता. सुंदराबाईनं हात पुढे केला. "मास्तरांनू, चिठ्ठी हंय दिया. तुळशीत घालूची हा."

मास्तरांनी खिशातून चिठ्ठी काढली. तुळशीत गेली की पळीभर पाण्यात शाई विरघळणार होती, आणि मग खरोखरच कुणाला काही सिद्ध करता येणार नव्हतं. त्यांनी ती सुंदराबाईला दिली नाही. अच्युतरावांसमोर जाऊन त्यांच्या डाव्या हातात ठेवली.

"हे अक्षर नीट बघा," ते म्हणाले. "हे माझं नाही."

अच्युतरावांनी कागद चष्म्याजवळ नेला. "मग कुणाचं?"

"मास्तर, जाऊ द्या ना," बंडू मागून म्हणाला. "झालं ते झालं."

"आधी दूध तापवून घ्या सगळ्यांनी," मास्तर म्हणाले. "पोरं उपाशी आहेत. मग सांगतो."

पण कुणी जागचं हललं नाही. सगळे त्यांच्या तोंडाकडे बघत राहिले, मीनाक्षीसुद्धा. मास्तरांनी अच्युतरावांच्या गळ्यात अडकवलेल्या हाताकडे पाहिलं आणि सांगायला सुरुवात केली.